क्लायमेट चेंज शिकायला बसताय? आधी एक संत्रं आणि फोनचा कॅल्क्युलेटर घ्या

"मला हे क्लायमेट चेंजचं सायन्स एकदा नीट समजून घ्यायचंय, कुठून सुरू करू?" असं विचारणारे गेल्या काही वर्षांत बरेच भेटले, अकरावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षावाले, दोन-चार शेतकरी. आणि जवळपास सगळ्यांनी सुरुवात एकाच टोकाकडून केलेली असते, वितळणारा बर्फ, पांढरी अस्वलं, समुद्र वर येतोय वगैरे. हे सगळं खरंच आहे, पण ते गोष्टीचं शेवटचं पान झालं. तिथून सुरुवात केली की मधलं काहीच हाताला लागत नाही, आणि मग व्हॉट्सॲपवर कोणी "सूर्यच जास्त तापतोय, बाकी सगळं थोतांड" असं टाकलं की आपल्याला उत्तर सुचत नाही.

मला विचाराल तर हा विषय म्हणजे एक हिशोब आहे, किराणा दुकानाच्या वहीसारखा. उष्णता आली किती, गेली किती, शिल्लक किती. एकदा हा हिशोब स्वतःच्या हाताने मांडला की पुढचं सगळं त्यातूनच उलगडत जातं, म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा, मधली कुठली गाळू नका.

सामान फार लागत नाही. एक संत्रं, कागद-पेन, स्क्वेअर रूटचं बटण असलेला कॅल्क्युलेटर, आणि जमलं तर एक इन्फ्रारेड थर्मामीटर, बंदुकीसारखा असतो तो. कोविडमध्ये कपाळासमोर धरायचे तो चालणार नाही कारण तो माणसाच्या तापापुरतंच दाखवतो, एसी-फ्रीजवाले मेकॅनिक वापरतात तसला घ्या, उणे ५० पर्यंत वाचणारा. नसेल तरी अडत नाही.

पायरी १ : आधी शब्दांचा घोळ निस्तरा

शाळेच्या भूगोलात आपण शिकलो की 'हवा' म्हणजे आज-उद्याची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. पण बोलताना आपण काय म्हणतो, "आज हवामान खराब आहे", आणि हवामान खातं अंदाज देतं तो उद्याच्या पावसाचा. म्हणजे एकच शब्द दोन्हीकडे वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की 'हवामान बदल' ऐकलं की माणूस म्हणतो, हवामान तर रोजच बदलतं, त्यात नवीन काय? इथे जो बदल म्हणायचाय तो निदान ३० वर्षांच्या सरासरीतला. एखादा डिसेंबर कडाक्याचा गेला म्हणून ती सरासरी खोटी पडत नाही. मी या लेखात सरळ क्लायमेट हाच शब्द वापरतोय.

दुसरा घोळ ओझोनचा. दहापैकी सहा-सात जण तरी सांगतात की "ओझोनला भोक पडलं म्हणून उष्णता आत येते". हे चुकीचं आहे. ओझोनचा थर अल्ट्राव्हायोलेट किरण अडवतो, त्याला धोका होता तो फ्रीज आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंचा, त्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. तो वेगळा आजार. सीएफसी हे उष्णताही धरून ठेवतात म्हणून दोन्ही विषय एकमेकांत मिसळतात, एवढंच.

पायरी २ : किरण दोन प्रकारचे, हे अंगाला जाणवून घ्या

ही पायरी वाचायची नाही, करायची आहे. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला घराच्या पश्चिमेच्या भिंतीजवळ जा आणि भिंतीला न शिवता चार बोटांच्या अंतरावर गाल न्या. धग लागते. सूर्य मावळून दोन तास झालेत, भिंत अंधारात आहे, डोळ्याला काही दिसत नाही, तरी तिच्यातून काहीतरी बाहेर पडतंय. ते इन्फ्रारेड.

जगातली प्रत्येक वस्तू असे किरण सोडत असते, तुम्ही, भिंत, बर्फसुद्धा. वस्तू किती गरम त्यावर किरणांची जात ठरते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास म्हणून त्याची बरीचशी ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशात आणि त्याला लागूनच्या इन्फ्रारेडमध्ये येते. पृथ्वी सरासरी १५ अंशांची म्हणून ती जे सोडते ते सगळं लांब लहरींचं इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारं. येणारा माल एका जातीचा, जाणारा दुसऱ्या जातीचा. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण हवा पहिल्याला बऱ्यापैकी वाट देते आणि दुसऱ्याला अडवते, सगळी गंमत तिथे आहे.

पायरी ३ : रात्री गच्चीवर जा

डिसेंबरमधली निरभ्र, कोरडी रात्र निवडा. थर्मामीटरची बंदूक आधी गच्चीच्या फरशीवर धरा, मग सरळ वर आभाळाकडे. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा फरशी १५ दाखवत होती आणि आभाळ उणे २० च्याही खाली, मला वाटलं यंत्रच बिघडलं, सेल काढून परत घातले तरी तेच. यंत्र ठीक होतं. निरभ्र कोरडं आभाळ खालच्या दिशेने फार थोडी उष्णता परत पाठवतं, बंदुकीला तेच दिसतं. मग पावसाळ्यात खाली उतरलेल्या ढगावर तीच बंदूक धरली तर १७ आलं. म्हणजे ढग असलेलं आभाळ जवळजवळ घराच्या छतासारखं गरम, आणि ती उष्णता रात्रभर आपल्यावर येत राहते.

हे निफाडच्या द्राक्षवाल्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की पारा घसरणार, म्हणून बागेत शेकोट्या पेटवायची तयारी करतात, आणि आभाळ आलं की म्हणतात आज थंडी पळाली. ढग काही उष्णता तयार करत नाहीत, जमिनीतून निघालेलीच परत पाठवतात. गोधडी कुठे स्वतः गरम असते?

एक खुलासा करतो कारण हुशार पोरं नेमकं हेच विचारतात. ही बंदूक ज्या लांबीच्या लहरी बघते तो पट्टा ८ ते १४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिथे मुख्यतः ढग आणि बाष्पाचा परिणाम दिसतो. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, जोरदार पट्टा १५ मायक्रॉनच्या आसपास आहे, तो या स्वस्त यंत्राला नीट दिसत नाही. त्यामुळे हा प्रयोग "आभाळ उष्णता परत पाठवतं" हे दाखवण्यापुरता, सीओटू मोजण्यासाठी नाही.

आणि यूट्यूबवरचा दोन बाटल्यांचा प्रयोग, एकीत सोडा-व्हिनेगर घालून दिव्याखाली ठेवायची आणि बघा कशी जास्त तापली, तो कृपया करू नका. तिथे तापमानात जो फरक येतो तो मुख्यतः सीओटू जड असल्यामुळे बाटलीतली हवा कमी खेळते आणि कमी मिसळते म्हणून येतो, किरण शोषल्यामुळे नाही. बरोबर निष्कर्ष चुकीच्या कारणाने दाखवला की पुढे कोणीतरी तो खोडतो आणि पोराचा सगळ्याच गोष्टीवरचा विश्वास उडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायरी ४ : आता हिशोब, जमेची बाजू

पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाच्या वर, सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट येतात. (ही वर्षाची सरासरी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, तेव्हा तीनेक टक्के जास्त येतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे थंडी असते, कारण ऋतू अंतरावर ठरत नाहीत, पृथ्वीच्या कललेल्या आसावर ठरतात.)

पण हे १३६१ सगळीकडे पडत नाहीत. अर्ध्या भागावर रात्र, कडेला तिरपं ऊन. इथे संत्रं घ्या. ते कागदावर ठेवून त्याच्या घेराएवढी पाच वर्तुळं काढा, मग सोलून सालीचे तुकडे त्या वर्तुळांत भरत जा. चार वर्तुळं भरतात आणि साल संपते, पाचवं रिकामं राहतं. (मोसंबी घेऊ नका, साल सुटत नाही.) म्हणजे सूर्याला पृथ्वी दिसते एका वर्तुळाएवढी पण ऊन वाटून घ्यायचंय चार वर्तुळांच्या सालीवर. म्हणून १३६१ भागिले ४, सुमारे ३४०.

यातले ३० टक्के ढग, बर्फ, वाळवंटं परत उडवून लावतात, ते कमाईत धरायचेच नाहीत. उरले २३८ वॅट. ही आपली रोजची खरी जमा.

आता पृथ्वीला तेवढेच २३८ खर्च करायचे असतील तर तिचं तापमान किती असावं? याला स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम लागतो, वस्तू किती गरम असली की किती वॅट सोडते ते सांगणारा. नाव मोठं आहे पण कॅल्क्युलेटरवर चार बटणांचं काम आहे. २३८ भागिले ५.६७ (हा त्या नियमातला ठरलेला आकडा), आलं ४१.९८. स्क्वेअर रूट दाबा, ६.४८. परत स्क्वेअर रूट, २.५४५. गुणिले १००, म्हणजे २५४.५ केल्विन. केल्विनचे नेहमीचे अंश करायला त्यातून २७३ वजा करा. उणे साडेअठरा.

इथे थांबा आणि त्या आकड्याकडे नीट बघा. नुसतं ऊन आणि दगड एवढाच हिशोब असता तर पृथ्वीची सरासरी उणे १८ असती. प्रत्यक्षात १५ आहे. हे वरचे ३३ अंश कुठून आले? समुद्र पातळ आहेत, शेती होते, आपण आहोत, ते या ३३ अंशांमुळे.

पायरी ५ : खर्चाची बाजू

आता उलटा हिशोब करा. जमीन १५ अंशांची, म्हणजे २८८ केल्विन. २.८८ चा वर्ग, परत वर्ग, गुणिले ५.६७. उत्तर येतं ३९०. म्हणजे पृथ्वीचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला ३९० वॅट वर सोडतो, पण उपग्रह अवकाशातून मोजतात तेव्हा बाहेर पडताना दिसतात फक्त २४० च्या आसपास. मधले दीडशे वॅट वातावरणाने वाटेत अडवले. हाच ग्रीनहाऊस इफेक्ट. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, दीडशे, आणि तो तुम्ही आत्ता घरी बसून काढलात.

पायरी ६ : अडवतंय कोण?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. यांच्या रेणूत सारखे दोनच अणू, ते इन्फ्रारेडला हात लावत नाहीत, सोडून देतात. पाण्याची वाफ, सीओटू, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांचे रेणू वेगळ्या अणूंचे, ते वाकतात, ताणले जातात, आणि त्या थरथरण्यात ठराविक इन्फ्रारेड शोषतात. सीओटू हवेत जेमतेम ०.०४ टक्के आहे, "एवढासा काय करणार" हा प्रश्न हमखास येतो. बादलीभर पाण्यात नीळ किती घालतो आपण? चार थेंब, आणि पाणी निळं. बाकीचं पाणी रंगाच्या कामात भागच घेत नाही, तसंच इथे ९९ टक्के हवा या कामात भाग घेत नाही.

हे काही काल-परवाचं शोधलेलं नाही. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, सीओटूचं नळकांडं जास्त तापलं आणि निवायलाही जास्त वेळ लागला, आणि त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी जास्त गरम असती. १८५९ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी नीट मोजमाप केलं. त्यांच्या नळीच्या दोन्ही टोकांना काच लावता येईना, काच ही उष्णता अडवते, म्हणून त्यांनी सैंधव मिठाच्या पॉलिश केलेल्या चकत्या लावल्या, मीठ हे किरण जाऊ देतं. आपल्या उपासाच्या डब्यातलं मीठ या शोधात असं कामी आलंय, ही गोष्ट मला फार आवडते. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी सीओटू दुप्पट झाला तर किती तापेल ते हाताने गणित करून काढलं, ५-६ अंश. आजचा सगळ्यात चांगला अंदाज ३ अंश आहे, बहुधा २.५ ते ४ च्या मधे. सव्वाशे वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना.

पायरी ७ : जास्त घातला तर जास्त का तापतं

"सीओटूचा पट्टा आधीच भरलाय, अजून घातला तर काय फरक", म्हणजे त्याला अडवता येईल तेवढं त्याने आधीच अडवलंय, असा एक आक्षेप शिकलेले लोक घेतात. त्याचं उत्तर उंचीत आहे. वर जाल तशी हवा गार होते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलं की कळतंच. ३३ भागिले ६.५, म्हणजे ५ किलोमीटर. ढोबळमानाने पृथ्वीची उष्णता अवकाशात सुटते ती याच उंचीवरून, तिथली हवा उणे १८ ची आहे. सीओटू वाढला की ही सुटण्याची जागा अजून वर सरकते. वर हवा आणखी गार, आणि गार हवा कमी उष्णता सोडते. जमा तेवढीच, खर्च घटला, म्हणून शिल्लक साठत जाते आणि खालचं सगळं तापून खर्च परत २४० वर येईपर्यंत थांबत नाही. ही पायरी एका वाचनात नाही कळली तर आकृती काढा, दोनदा वाचा, पण सोडू नका.

पायरी ८ : हे आपणच केलं हे कशावरून

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोज सीओटू मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाखात ३१५ होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे. कारखाने यायच्या आधी २८०. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले तर गेल्या ८ लाख वर्षांत तो ३०० च्या वर गेलेला दिसत नाही.

आणि हा कार्बन कोळसा-तेलातलाच आहे हे ओळखता येतं, त्याच्यावर जवळजवळ शिक्का असतो. वनस्पतींना हलका कार्बन-१२ जास्त आवडतो आणि कोळसा म्हणजे जुन्या वनस्पती, शिवाय इतक्या जुन्या की त्यातला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप घटत जाणारा कार्बनचा प्रकार, कधीच संपलेला. हवेतल्या कार्बनमध्ये या दोन्ही खुणा वाढत चालल्यात. ज्वालामुखीचा कार्बन असता तर या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या नसत्या, आणि सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सीओटू सोडतात तो आपल्या एक टक्काही भरत नाही.

सूर्याचं काय? १९७८ पासून उपग्रह सूर्याची ताकद सतत मोजतायत. ११ वर्षांच्या चक्रात ती ०.१ टक्का वरखाली होते, चढत गेलेली नाही. शिवाय सूर्य तापला असता तर वातावरणाचा वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, पण तापला असता. तो गार होतोय. खाली गरम आणि वर गार, ही खूण फक्त सीओटूसारख्या वायूंनीच पडते. व्हॉट्सॲपवाल्या काकांना हे एकच उत्तर पुरतं.

पायरी ९ : वाफ आणि मिथेन

सगळ्यात जास्त उष्णता पाण्याची वाफ धरते हे खरंय. पण वाफ आठवडा-दीड आठवड्यात पाऊस होऊन उतरते, हवेत किती राहील ते तापमान ठरवतं, दर अंशाला साधारण ७ टक्के जास्त. सीओटूचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं राहतो. म्हणून सीओटू थोडं तापवतो, त्याने वाफ वाढते, ती अजून तापवते. आपल्याकडे पाऊस कमी दिवसांत धो धो कोसळतो त्यामागे या ७ टक्क्यांचाही हात आहे. मिथेन १२ वर्षांतच विरतो पण तोवर जोर फार, १०० वर्षांच्या हिशोबात किलोला किलो सीओटूच्या २८ पट.

पायरी १० : शिल्लक किती, ते कोयनेत मोजा

सध्या जमा-खर्चात फरक आहे साधारण १ वॅट दर चौरस मीटर. ऐकायला काहीच नाही, शून्याच्या बल्बपेक्षाही कमी. आता पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर, आणि दर चौरस मीटरला १ वॅट म्हणजे दर चौरस किलोमीटरला १ मेगावॅट. झाले ५१ कोटी मेगावॅट. आपला कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा. भागून बघा, अडीच लाखांपेक्षा जास्त कोयना, रात्रंदिवस, बाराही महिने. यातली ९० टक्के उष्णता समुद्रात जाते म्हणून आपल्याला एकदम भाजत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये जो अहवाल निघाला त्यात १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचं दिलंय. हा अहवाल मूळातून वाचा, या दहा पायऱ्या झाल्या असतील तर त्यातलं बरंचसं आता कळेल.

शेवटचा गृहपाठ

पायरी ४ चं गणित शुक्रासाठी करा. तिथे २६०१ वॅट येतात, भागिले ४, पण त्याचे दाट ढग ७६ टक्के ऊन परत उडवतात, म्हणजे हातात २४ टक्केच. गुणाकार केला तर १५६ वॅट, आपल्या २३८ पेक्षा कितीतरी कमी. त्याच चार बटणांनी तापमान काढा, उणे ४४ येईल. आता खरी गोष्ट. १९७० च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा ७ हे यान तिथे उतरलं, २३ मिनिटं अगदी क्षीण सिग्नल देत राहिलं, आणि त्याने कळवलं ते ४७५ अंशांच्या आसपास. शिसं वितळतं तिथे. हवेचा दाब आपल्या नव्वद पटींच्या वर आणि त्या हवेत ९६ टक्के सीओटू. संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी दिसली की बंदूक खाली ठेवा, वही काढा आणि हे गणित तिच्याकडे बघत करा.